घोडीचे उजवे मडगार्ड

चोर आला, चोरी करून गेला. पण चोरासारखे काही वागला नाही.

आलापल्लीच्या त्या टिनाच्या शेडमध्ये घासून चांदीसारखा केलेला बंपर होता. लाकडी खोक्यात कार्बोरेटर होता. गाडीच्या पुढच्या जाळीवरचा धातूचा पळता घोडा चिंधीत गुंडाळून फळीवर ठेवलेला होता. नागपूरचा एखादा शौकीन त्या घोड्यासाठी बैलजोडी विकून आला असता. चोराने यातल्या कशालाच बोट लावले नव्हते. त्याने नेले ते गाडीचे पुढचे, उजव्या बाजूचे मडगार्ड. जुने, गंजके, अर्धे खरवडलेले.

"मले तर हा चोर येडा वाटते, बाई," सुकलू म्हणाला.

 दामिनीबाई उकिडव्या बसून मडगार्डाच्या रिकाम्या जागेकडे पाहत होत्या. त्यांचे यजमान विमा कंपन्यांसाठी अपघाताच्या गाड्या तपासायचे. ते गेले, काम बाईंनी उचलले, आणि हळूहळू लोक चोरीमारीच्या तपासासाठीही चंद्रपूरला त्यांच्याकडे येऊ लागले. सुकलू त्यांची जीप चालवायचा. त्याची उभी हयात वनखात्यात गार्ड म्हणून गेली होती. वाघाचा माग त्याला कळायचा, माणसाचा कळत नसे, आणि हे तो स्वतःच सांगायचा.

बोलावणारे धनराजशेठ एका जागी ठरत नव्हते. लाकडाची आरागिरणी, दोन ट्रक, गावात मान. पण आज त्यांचे पाय उन्हात तापलेल्या खडकावर असल्यासारखे उचलत होते. सिगरेट पेटवायची, दोन झुरके घ्यायचे, फेकायची, पुन्हा पेटवायची. किल्ल्यांचा जुडगा हातात सारखा वाजत होता.

"लेकीची वरात याच गाडीतून काढायची आहे, बाई. रंजीताला शब्द दिला आहे. पुढच्या आठवड्यात हळद. मला तेच मडगार्ड पाहिजे. संध्याकाळपर्यंत नाही आलं, तर ह्याचं नाव ठाण्यात देतो."

'हा' म्हणजे वारलू, गाडीचे पत्राकाम आणि रंगकाम करणारा. तो भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या पोपटी सदऱ्यावर रंगाचे ठिपके होते आणि तोंडावर रंग उरला नव्हता. या भागात एकदा ठाण्यात नाव चढले की ते उतरता उतरत नाही, हे त्याला कोणी शिकवायला नको होते.

गाडी मात्र पाहण्यासारखी. लांब नाक, दोनच दरवाजे, आखूड शेपूट. अमेरिकेची मस्टँग. जाळीवरच्या घोड्यामुळे गावात तिला सगळे घोडीच म्हणत.

सुकलूला राहवले नाही. तो उजवीकडचे दार उघडून आत बसला आणि चमकला. "अरे, स्टेअरिंग बी नेलं का चोरानं?"

इंजिनखालून निकेश मिस्त्री हसत हसत बाहेर आला. "पलीकडे पाहा ना, भाऊ. त्यांच्या देशात ड्रायव्हर डावीकडे बसते. तुमची जागा शेटाणीची आहे."

सुकलू ओशाळून उतरला.

"गाडी कधीची, शेठ?" बाईंनी विचारले.

"बाबांनी घेतलेली. धरणावरच्या एका गोऱ्या इंजिनीयरची होती, तो मायदेशी परत चालला होता. त्याच्या माणसानं दारात आणून उभी केली. बाबांना चालवता येत नव्हती, पण हौस दांडगी."

"तेव्हापासून लालच?"

"लालच."

"तुम्ही चालवत होतात?"

"कुठलं हो! मी नागपूरला, वसतिगृहात. शिकून आलो तोवर इंजिन जाम होऊन गोदामात पडली होती. त्या स्टेअरिंगवर मी कधी बसलोसुद्धा नाही." शेठ निकेशकडे वळले. "आणि तू रे? गियरबॉक्स अजून खोलला नाही?"

"आता खोलतो, शेठ."

"तिसऱ्याचं नीट पाहा. दांडा जरासा वर उचलल्याशिवाय पडत नाही." शेठच्या हाताने हवेतच दांडा उचलला. मग त्यांनी नवी सिगरेट काढली.

 बाईंनी रिकाम्या जागेतल्या एका बोल्टाला बोट लावले. मडगार्ड गेले होते, पण त्याचे बोल्ट गेले नव्हते. एकूण एक बोल्ट आपापल्या भोकात दोन-दोन आटे फिरवून ठेवला होता.

"हे तुझं काम, वारलू?"

"नाई जी. मी काढलेले बोल्ट डब्यात टाकतो."

"निकेश?"

"माहे बोल्ट म्या कधी शोधले तर सापडत नाईत, बाई," निकेश म्हणाला. "मंग नवे आणतो."

जमिनीवर, जिथे मडगार्डाचे टोक येत असे बरोबर तिथे, तळहाताएवढा काळसर डाग होता. सुकलूने वाकून वास घेतला. "मोहाची दारू आहे."

"पाहा!" शेठ गरजले. "पिऊन आला होता नालायक!"

वारलूने गळ्यातली तुळशीची माळ मुठीत धरली. "मी थेंब पेत नाई, शेठ. तुमाले मालूम आहे."

"पिणारा सांडत नाही आणि सांडणारा पीत नाही," दामिनीबाई हळूच म्हणाल्या. "शेठ, तुम्ही जरा घरी जाऊन या. तुमच्या येरझाऱ्यांनी माझं डोकं चालत नाही."

शेठ गेले, पण फाटकापर्यंतच. तिथे त्यांच्या येरझाऱ्या सुरू राहिल्या.

बाई वारलूजवळ बसल्या. "मडगार्ड खरवडताना काय दिसलं तुला?"

"वरतून लाल, बाई. लालच्या खाली हिरवा. मंग नाकाजवळ लोहचुंबक लावलो, तर चिकटेचना. मले वाटलं, पुट्टी असन. खरवडलो तर हे निघालं." त्याने कोपऱ्यातल्या केरातून तांबूस-काळपट खडे काढून दिले.

बाईंनी एक खडा चिमट्यात धरून स्टोव्हच्या ज्योतीवर नेला. तो मऊ झाला, त्याची तार लोंबली, आणि शेडमध्ये वास पसरला.

"लाख!" सुकलू ओरडला. "बाई, ही तर जंगलातली लाख आहे. फांद्यांवरून खरवडून काढतात ते. पण मोटारीत कोन भरते लाख?"

"गॅरेजवाला भरत नाही," बाई म्हणाल्या. "ज्याला गाडी गॅरेजात न्यायचीच नव्हती, तो भरतो. पोचा मोठा होता, वारलू?"

"चांगला मोठा. मी परवा संध्याकाळी सगळ्यांसमोर बोललो, का आता लाख जाळून काढतो, पोचा ठोकून सरळ करतो. काल सकाळी येऊन पाहतो, तर मडगार्डच नाई."

"सगळ्यांसमोर म्हणजे?"

"शेठ होते, निकेश होता, बाबुलालभाऊ होते."

"आणि नवं मडगार्ड करता येत नाही?"

"येते ना! मी शेठले बोललो, पत्रा आणून द्या, वरातीच्या आधी ठोकून देतो, कोनाले फरक समजनार नाई. तर माह्या अंगावर आले. म्हणे, तेच पाहिजे. दुसरं नाई."

निकेश हात पुसत आला. त्याच्या कपाळावर ग्रीस होते. "बाई, गियरबॉक्स खोललो. शेठ बरोबर बोलले. तिसऱ्याचा काटा घासून गेला आहे."

"हे तुला आधी माहीत होतं?"

"कसं राहीन? गाडी तर चालतच नव्हती."

सुकलूने बाईंना बाजूला घेतले. "हा निकेशच आहे, बाई. लई हसते. चोर हसते."

"निकेश चोर असता, सुकलूभाऊ, तर त्याने गंजका पत्रा कशाला नेला असता? फळीवरचा घोडा नेला असता. चला, चहा घेऊ."

शेडला लागूनच रुखमाबाईची चहाची टपरी होती. शेडची किल्ली टपरीच्या खिळ्याला लटकलेली असायची. ज्याला लागेल त्याने घ्यावी, परत लावावी. म्हणजे किल्लीवरून चोर सापडायचा नव्हता.

टपरीबाहेर बाबुलाल सायकलीचा कॅरियर दुरुस्त करत बसला होता. धनराजशेठच्या वडिलांचा जुना ड्रायव्हर. मिशा पांढऱ्या, पाठ ताठ. कॅरियर एका बाजूला पार वाकून मोडला होता.

"काय लादलं होतं, भाऊ?" सुकलूने विचारले. "हत्ती?"

"म्हातारी सायकल आहे. मोडते," बाबुलाल खाली पाहत म्हणाला. त्याने तुटकी पट्टी सोडवली, ती बाजूला ठेवली, आणि मोकळा झालेला नट पुन्हा त्याच्याच बोल्टावर फिरवून ठेवला. मग खिशातून सुपारी आणि चाकू काढला. चाकूच्या मुठीत पाते जिथे शिरते तिथे तांबडा डिंकासारखा थर चमकत होता.

"मूठ छान भरली आहे," दामिनीबाई म्हणाल्या.

"माह्या हातची आहे. हालत नाई."

"घोडी किती वर्षं चालवली तुम्ही?"

"गाडी चालत होती तवरी मीच चालवलो. त्याच्या आधी लाकडाची बैलगाडी हाकत होतो मालकाची. मंग मालकानं शिकाले पाठवलं. शिकून आलो तवा पहिल्यांदा स्टेअरिंग हातात घेतलं. तवा गाडी लाल होती."

"मग वरातीतही तुम्हीच चालवणार?"

बाबुलाल सुपारी कातरायचा थांबला. "मी? त्या गाडीत हळदीच्या अंगानं पोरगी बसवाची म्हणता..." तो एकदम उठला. "डोळे गेले आता माहे. नाई दिसत." आणि मोडक्या कॅरियरची सायकल ढकलत शेडमागे निघून गेला.

तेवढ्यात निकेश चहाला आला. "रुखमाबाई, चोर पाहिला का वो? का तोबी बिनमाणसाचा होता?" टपरीवरचे दोघे-तिघे फिदीफिदी हसले.

रुखमाबाईने कप त्याच्यापुढे आपटला. "पे आन् जा."

"बिनमाणसाचा म्हणजे?" दामिनीबाईंनी विचारले.

"काही नाई, बाई. लोकाइले तेवढीच मजा." ती चुलीतले लाकूड पुढे सारत राहिली, मग तिचे तिलाच राहवले नाही. "माह्या नवऱ्याले मोटारीनं उडवलं. तीस वर्षं होऊन गेली. एटापल्लीचा बाजार करून दोघं पायी चाललो होतो, दिवस बुडून राह्यला होता. ऐनाच्या झाडाजवळच्या वळणावर समोरून मोटार आली. माहा माणूस पुढं, मी मागं. त्याले ठोकून ती माह्या अंगाजवळून गेली. फौजदार बोलला, ड्रायव्हर कसा होता? मी जे पाहिलं ते सांगितलं. ड्रायव्हर बसते त्या जागी कोनी नव्हतं."

"कोणीच नाही?"

"खिडकी उघडी होती, बाई. माह्या डोळ्यासमोरून गेली. जागा रिकामी. आन् मोटार हिरवीगार, कडुनिंबाच्या पाल्यावानी. फौजदार हसला. म्हणे, हिरवी मोटार या तालुक्यातच नाई, आन् बिनड्रायव्हरची दुनियेत नाई. तवापासून मी येडी. गावात लेकरं मागं लागत, 'भूतगाडीवाली' म्हणून. म्हणून इथी येऊन राह्यली. पण त्या दिवसापासून मोटारीत बसली नाई. शेडातबी पाय टाकत नाई, चहा उंबऱ्यावरूनच देते."

सुकलूने मान हलवली. गार्ड असताना त्याने जंगलात माणूस मेल्याची अशी एक जागा पाहिली होती, तिथे ऐनाच्या झाडाखाली एक जुनी कुऱ्हाड पडलेली असायची आणि तिला कोणी हात लावायचे नाही.

"आमच्या गावात रीत आहे, बाई," रुखमाबाई म्हणाली. "ज्या लोखंडानं माणूस मेला, ते लोखंड घरात ठेवत नाईत. मोहाची धार सोडतात आन् त्या जागी नेऊन ठेवतात. कुऱ्हाड असो, फाळ असो. मंग मेलेल्याले सुटका भेटते. माह्या माणसासाठी मी काय नेऊन ठेवू? मोटारच सापडली नाई."

"तुमच्या गावची आणखी कोणी माणसं इथं आहेत?"

"हा बाबुलाल आहे ना. आमच्याच गावचा."

दामिनीबाईंनी चहा तसाच ठेवला. "सुकलूभाऊ, जीप काढा. एटापल्ली रस्ता."

रस्ताभर सुकलूला चैन पडले नाही. दोन्ही बाजूंनी सागाची मोठमोठी वाळकी पाने रस्त्यावर खरखरत होती, ऊन झाडांच्या कमरेपर्यंत उतरले होते. धनराजशेठ एव्हाना ठाण्याच्या वाटेला लागले असतील, वारलूच्या दंडाला कोणी धरले असेल, असे त्याला सारखे वाटत होते. रुखमाबाईने सांगितलेल्या वळणावर बाई उतरल्या आणि रस्त्याकडेच्या ऐनाच्या झाडामागे गेल्या. परतल्या तेव्हा हात रिकामे होते.

"मडगार्ड सापडलं," त्या म्हणाल्या.

"सापडलं? मंग आणलं काऊन नाई?"

"ते तिथून उचलायचा हक्क आपला नाही. फिरवा गाडी. लवकर."

शेडमध्ये सगळे जमले होते. शेठ वारलूला उठवतच होते. "चल, उठ. दिवस मावळला. ठाण्यात चल."

"थांबा, शेठ," दामिनीबाई म्हणाल्या. "चोर वारलू नाही. रुखमाबाई, तुम्हीही ऐका. उंबऱ्यावरूनच ऐका."

बाबुलाल दाराजवळ उभा होता. त्याने टोपी काढून हातात घेतली.

"चोराला पैसे नको होते, नाहीतर घोडा आणि बंपर राहिले नसते. त्याला मडगार्डच हवं होतं, आणि वारलूने पोचा सरळ करण्याआधी हवं होतं. काढताना त्याने प्रत्येक बोल्ट परत जागेवर लावला. ही जुन्या ड्रायव्हरची सवय. वारलूला ती नाही, निकेशला तर नाहीच. आज दुपारी सायकलीचा नट मात्र एका माणसाने असाच परत फिरवून ठेवला. त्याच्या कॅरियरवर काहीतरी जड लादलं गेलं होतं. त्याच्या चाकूची मूठ लाखेने भरलेली आहे, आणि मडगार्डातही लाख होती."

"बाबुलाल!" शेठ किंचाळले. "तू? आमचं मीठ खाऊन?"

"होय," बाबुलाल म्हणाला.

"पण काऊन?" सुकलूला राहवले नाही. "गंजकं मडगार्ड घेऊन काय करनार माणूस?"

"त्याने ते विकलं नाही, लपवलंही नाही. काढण्याआधी मोहाची धार सोडली आणि पहाटे सायकलीवर घालून एटापल्लीच्या वळणावर, ऐनाखाली नेऊन ठेवलं. त्याच्या गावची रीत. त्या लोखंडाने माणूस मेला होता."

उंबऱ्यावर रुखमाबाईच्या हातातली किटली खाली टेकली.

"ती तर हिरवी होती," ती म्हणाली.

"ही पण हिरवी होती. लाल रंग नंतर चढला, पोचा झाकण्यासाठी. शेठ म्हणाले, आणली तेव्हापासून लाल. वारलूचा खरवडा वेगळं सांगतो."

"आन् ड्रायव्हर?" रुखमाबाईचा आवाज चिरकला. "तिथी कोनी नव्हतं, बाई. मी सपत घेऊन सांगते."

"तुम्ही खरं तेच सांगितलं. सुकलूभाऊ आज त्याच जागेवर जाऊन बसले आणि स्टेअरिंग शोधत राहिले. मोटार समोरून आली, तुमच्या माणसाला उजव्या मडगार्डाने ठोकलं, उजव्या अंगाने तुमच्याजवळून गेली. तुम्ही उजवी खिडकी पाहिली. ती जागा रिकामीच होती. चालवणारा पलीकडे होता, डावीकडे. आणि गाडीत तो एकटा होता."

शेठच्या हातातला जुडगा वाजत होता.

"एकटा कोण? गाडी हिरवी असताना बाबुलालभाऊ बैलगाडी हाकत होते. त्यांच्या हाती आली ती लाल गाडी. थोरल्या शेठना चालवता येत नव्हती. इंजिनीयरचा माणूस गाडी दारात सोडून गेला. मग घरात उरलं कोण? जो म्हणतो, मी त्या स्टेअरिंगवर कधी बसलो नाही. पण निकेशने गियरबॉक्स खोलण्याआधीच ज्याच्या हाताला माहीत होतं, की तिसरा टाकताना दांडा उचलावा लागतो."

"ते... ते मला बाबुलालनं सांगितलं असेल," शेठ म्हणाले.

"म्या नाई सांगितलं," बाबुलाल म्हणाला. "तुमचा बाप जिवंत होता तवरी ह्या गाडीचं नाव तुमच्यासमोर काढाची मनाई होती, धनराजभाऊ. तुम्ही सुट्टीत आले होते. सांजेले गाडी परत आणली तवा तुमच्या तोंडाले फेस होता. मालक बोलले, बाबुलाल, पोचा दिसला नाई पाहिजे. मी लाख भरली. त्याचं बक्षीस म्हणून मले स्टेअरिंग भेटलं." तो रुखमाबाईकडे वळला, पण वर पाहू शकला नाही. "गाडी गोदामात सडत होती तवरी मी गप राह्यलो. रोज तुह्या हातचा चहा पेलो. पण आता ते लोखंड ठोकून, रंगवून, त्याच्यामागं नवरी बसवाची म्हणतात. मले ते पाहवलं नाई."

"पहिल्यापासून एक गोष्ट खटकत होती," दामिनीबाई म्हणाल्या. "नवं मडगार्ड वारलू करून देत होता, तरी शेठना तेच का हवं? वरातीसाठी नाही. पोचा आणि लाख कोणीतरी पाहिली आहे आणि ते मडगार्ड आता कोणाच्यातरी हातात आहे, या भीतीने त्यांना बसू दिलं नाही."

शेठ गाडीच्या नाकाला टेकले. सकाळपासून पहिल्यांदा त्यांचे पाय थांबले. "सतरा-अठरा वर्षांचा होतो मी," ते म्हणाले. "दिवे कुठून लागतात तेही माहीत नव्हतं. समोर आला. मी... थांबलो नाही. बाबा म्हणाले, जे झालं ते गाडीनं केलं, तू केलं नाहीस."

"ठाण्यात जायचं तुम्ही ठरवलंच होतं," दामिनीबाई म्हणाल्या. "नाव तेवढं बदला."

वारलू भिंत धरून उठला. त्याने माळ सदऱ्यात सोडली आणि हमसून रडायला लागला. निकेशने त्याच्या पाठीवर हात ठेवला. आज निकेश हसत नव्हता.

रुखमाबाईने उंबरा ओलांडला. ती गाडीला लांबून वळसा घालून गेली, जशी झोपलेल्या जनावराला घालतात तशी, आणि डाव्या दारापाशी थांबली. आत वाकून तिने स्टेअरिंगचे चाक पाहिले. मग एक बोट त्याला लावले.

"होता मंग," ती म्हणाली. "माणूस होता."

"रुखमाबाई," शेठ पुटपुटले, "तुला काय पाहिजे ते..."

"मले?" ती वळली. "ठाण्यात मंग जा. पहिले माह्या गावात चाल. जिथी लेकरं माह्या मागं लागत होती, तिथी चावडीवर उभा राह्य. आन् सांग सगळ्याइले, का त्या गाडीत माणूस होता. रुखमा येडी नव्हती."

शेठनी जुडगा खिशात टाकला. घोडीच्या उघड्या पडलेल्या उजव्या बाजूकडे त्यांनी एकदा पाहिले. मग मान डोलावून जीपकडे चालू लागले. बाबुलाल त्यांच्या मागे गेला.

सुकलूने जीप सुरू केली. दामिनीबाई मागे बसल्या. तीस वर्षे मोटारीत न बसलेली रुखमाबाई पदर खोचून पुढे चढली. दार लावण्याआधी तिने वळून सुकलूकडे नीट पाहून घेतले. त्याचे तोंड, त्याचे हात, हातातले चाक.

"हाये," ती स्वतःशीच म्हणाली. "चाला, भाऊ."